खाचरावरची हवा

सातबाऱ्यावर शेताला क्षेत्र असते, उंची नसते. भिवंडी तालुक्यातला कोणताही उतारा काढून पाहावा. नमुना सातवर भोगवटादाराचे नाव, गट क्रमांक, हेक्टर-आर आणि आकार. नमुना बारावर खरिपाचे भात, कुठे त्याच्या पाठोपाठ वाल, उरलेले पड. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पीकपाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंदवण्याची पद्धत राज्यभर आली आणि नोंदीला शेताचा फोटोही जोडला जाऊ लागला. त्या फोटोत जे दिसते तेवढेच शेत, असे आपण धरून चालतो. भाताच्या लोंब्यांवर हातभर, दोन हात, पुरुषभर उंचीपर्यंत जी हवा सतत घुसळली जात असते, ती कोणाच्याच दप्तरात नाही. माझे म्हणणे असे की ती हवा शेताचाच भाग आहे. ती पिकाने घडवलेली असते, पिकाचा दाणा भरतो की पोचट राहतो हे बऱ्याच अंशी तिच्यात ठरते, आणि ती घडायला नुसते क्षेत्र पुरत नाही, सलगपणा लागतो. काल्हेर-कशेळीपासून पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली ते मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांनी गोदामांची वस्ती जशी पसरत गेली, तशी तिथली खाचरे केवळ कमी झाली नाहीत, तुटक झाली. इतके एकर गेले आणि इतके राहिले, असा हिशेब या तुटकपणाचे नुकसान झाकून टाकतो.

आधी शेतावर ऊन पडते तेव्हा काय होते ते पाहू. सूर्याची जी ऊर्जा जमिनीपाशी उरते तिला मुख्यतः तीन वाटा आहेत. थोडी जमिनीत मुरते, थोडी हवेला थेट तापवते आणि उरलेली पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. प्रकाशसंश्लेषणाला, म्हणजे ज्यासाठी आपण शेत करतो त्या कामाला, जाणारा वाटा अगदीच लहान. हवा तापवणे आणि वाफ करणे या दोन वाट्यांचे गुणोत्तर आयरा बोवेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये मांडले. पाणी साचलेल्या भाताच्या खाचरात ते गुणोत्तर एकाच्या पुष्कळ खाली असते, कारण बहुतेक ऊर्जा वाफेकडे वळते. कोरड्या मैदानावर ते उलटते. हे आकड्यांत घेऊ. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. भाताच्या खाचरातून दिवसाला ४ मिलिमीटर पाणी उडाले असे धरले तर एका गुंठ्यातून ४०० लिटर पाणी हवेत गेले. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे विजेच्या भाषेत पाऊण युनिटाला थोडी कमी. त्या हिशेबाने गुंठ्याला रोज २७० युनिट आणि एकराला जवळजवळ ११ हजार युनिट इतकी ऊर्जा वाफेबरोबर वर जाते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र चोवीस तास चालून खोलीतून जेवढी उष्णता काढते, तिच्या सुमारे १३० पट. अर्थात यंत्र ती उष्णता खिडकीबाहेर फेकते आणि बाहेरच्यांना आणखी तापवते. खाचरातली उष्णता वाफेत दडून जाते आणि ढग बनताना पुष्कळ उंचावर मोकळी होते.

ही वाफ आपोआप वर चढत नाही. हवा अगदी स्थिर असती तर पानाच्या पृष्ठभागाजवळ दमट हवेचा पातळ थर साचला असता आणि बाष्पीभवन जवळजवळ थांबले असते. वाळत घातलेले कपडे बिनवाऱ्याच्या दिवशी ओलेच राहतात, तसे. शेतावर हे होत नाही त्याचे कारण घुसळण. वारा पिकाच्या शेंड्यांवरून जातो तेव्हा शेंड्यांच्या वर त्याचा वेग भराभर वाढतो आणि पिकाच्या आत तो जवळजवळ पडतो. शेजारी शेजारी असे दोन वेग आले की मधला सांधा अस्थिर होतो आणि तिथे हवेच्या वळकट्या, भोवरे तयार होतात. निसवलेल्या भातावरून वाऱ्याच्या लाटा पळताना दिसतात त्या याच भोवऱ्यांच्या खुणा. जपानी भाषेत या लाटांना होनामी, म्हणजे लोंब्यांची लाट, असा स्वतंत्र शब्द आहे, आणि एइची इनोउए यांनी १९५५ मध्ये त्यांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. पुढे १९९६ मध्ये रॉपाक, फिनिगन आणि ब्रुने या तिघांनी दाखवले की पिकावरची हवा साध्या जमिनीवरच्या हवेसारखी वागत नाही. निरनिराळ्या वेगाचे दोन प्रवाह एकमेकांना घासतात, तिथल्या मिश्रणाशी तिचे साम्य अधिक. या घुसळणीत सातत्य नसते. काही वेळ फारसे काही घडत नाही आणि मग वरून एक झोत पिकात घुसतो, आतली दमट उबदार हवा उचकटून बाहेर फेकली जाते. ऊर्जा आणि वाफ यांची बरीचशी ने-आण अशा थोड्या, तुटक झोतांत होते. म्हणून ती मोजायला सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचा वेध घेणारी उपकरणे लागतात. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या झोतांमधली वाफ व उष्णता यांचा फरक मोजून वाहतूक काढण्याची ही रीत ऑस्ट्रेलियात स्विनबँक यांनी १९५१ मध्ये प्रत्यक्षात आणली. आज जगभरच्या शेता-जंगलांत उभ्या असलेल्या मनोऱ्यांचा पाया तीच आहे.

हा विषय आपल्याकडे परका नाही. शेतीविषयक शाही आयोगाच्या १९२८ च्या अहवालानंतर, १९३२ मध्ये, भारतीय हवामान खात्याने पुण्यात कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू केली आणि तिची धुरा चंद्रशेखर वेंकट रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास यांच्याकडे आली. जमिनीलगतच्या काही फुटांतले हवामान हा रामदासांचा ध्यास होता. वेधशाळेची लाकडी पेटी जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असते, आणि पिकाचे आयुष्य जाते तिच्या खाली. तेव्हा पिकाला जे सोसावे लागते ते पेटी सांगत नाही, या साध्या निरीक्षणातून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या शेतांत निरनिराळ्या पिकांच्या आतले व वरचे तापमान, आर्द्रता, वारा मोजायला घेतला. त्याच १९३२ साली रामदास आणि आत्मनाथन यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून नसते, तिच्यावर काही वितींच्या अंतरावर असते. पाठ्यपुस्तकांप्रमाणे हे अशक्य होते. खाली उबदार आणि वर थंड, म्हणजे खाली हलकी आणि वर जड हवा टिकेल कशी? उपकरणाचीच चूक, असे अनेकांनी मानले. जर्मन शास्त्रज्ञ राश्के यांनी पुण्यातच मोजमाप करून १९५७ मध्ये ते खरे असल्याचे दाखवले. त्याची कारणमीमांसा बंगळूरच्या वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९९३ मध्ये मांडली, आणि हवेतल्या सूक्ष्म कणांच्या भूमिकेवर त्यानंतरही तिथेच काम होत राहिले. वितभर हवेचे कोडे उलगडायला साठ वर्षे लागली. जमिनीलगतच्या हवेत अंतर थोडे असते, फरक थोडा नसतो, एवढे त्यातून घ्यायचे. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९९७-९८ मध्ये गुजरातेत साबरमतीच्या खोऱ्यात आणंद, साणंद वगैरे ठिकाणी शेतजमीन आणि हवा यांच्यातल्या देवघेवीचा मोठा प्रयोग केला. त्याआधी १९९० मध्ये जोधपूर ते खरगपूर अशा पट्ट्यात मान्सूनच्या कमी दाबाच्या आसाखालची घुसळण मनोरे उभारून मोजली गेली होती. म्हणजे ज्ञान आहे, उपकरणे आहेत, माणसे आहेत. ते ज्ञान जमिनीचा वापर ठरवणाऱ्या टेबलापर्यंत मात्र पोचलेले नाही.

आता सलगपणाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्यावर आहे. वारा एका प्रकारच्या जमिनीवरून दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर येतो तेव्हा त्याला नवी जमीन लगेच कळत नाही. नव्या पृष्ठभागाचा परिणाम काठापासून हळूहळू वर चढत जातो. शेतात उपकरण मांडणारे लोक ढोबळ हिशेब धरतात तो शंभरास एक असा: वाऱ्याच्या दिशेने १०० मीटर सलग पीक मिळाले तर जेमतेम १ मीटर उंचीची हवा त्या पिकाशी पुरती जुळते. कोकणातली खाचरे मुळातच लहान. उतारावर तर काही खाचरे एखाद्या गुंठ्याचीही नसतात. पण पूर्वी एका खाचराला लागून दुसरे भाताचे खाचर असे, त्याला लागून तिसरे, मध्ये फक्त गवताळ बांध. बांध मालकाला कळतो, वाऱ्याला नाही. वाऱ्याच्या लेखी तो सगळा एकच भाताचा पट्टा होता, आणि अर्धा-एक किलोमीटर असा पट्टा ओलांडताना कित्येक मीटर उंचीची हवा भाताची होऊन जाई. त्याच पट्ट्यात चार गोदामे, त्यांची काँक्रीटची आवारे, ट्रक वळवायला केलेला भराव आणि मधला रस्ता आला, की उरलेल्या ३० मीटरच्या तुकड्यावर भाताची म्हणावी अशी हवा फूटभरच उरते. तिच्यावरची सगळी हवा पत्र्याची आणि काँक्रीटची. क्षेत्र निम्मे उरले असेल, पण शेताची हवा निम्मी उरत नाही. ती त्याहून पुष्कळ कमी उरते.

याचा भार पिकावर कसा येतो ते पाहावे. भाताचे फूल सकाळच्या उत्तरार्धात तास-दोन तासच उघडते. त्या वेळी लोंबीचे तापमान ३५ अंशांच्या वर राहिले तर परागण बिघडते आणि दाणा पोचट राहतो, हे तांदळावरच्या संशोधनात पक्के झालेले आहे. लोंबीला त्या उष्म्यापासून वाचवते ते पिकाचे स्वतःचे बाष्पीभवन, म्हणजे तीच वर सांगितलेली हवा. पावसाळ्यात ढगांमुळे हा प्रश्न क्वचित येतो. गरव्या भाताचे निसवणे आणि दाणा भरणे मात्र पाऊस परतीला लागतो त्या दिवसांत सरकते, तेव्हा ऊन कडक आणि आभाळ मोकळे असते. बाजूच्या आवारावरून तापून आलेली कोरडी हवा अशा वेळी लहान तुकड्यावर आदळते. १९४८ मध्ये इंग्लंडच्या रॉदमस्टेड शेती संशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन यांनी बाष्पीभवनाचे जे सूत्र बसवले त्यात दोन पदे आहेत, एक उन्हाचे आणि दुसरे वाऱ्याचे व हवेच्या कोरडेपणाचे. सलग पट्ट्यात दुसरे पद आटोक्यात राहते, कारण येणारी हवा आधीच्या खाचरांनी ओलावलेली असते. तुकड्यात ते वाढते. पिकाला शेजाऱ्याची उष्णताही आपल्या पाण्याने फेडावी लागते.

इथे एक जाणकार आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. तापलेल्या भोवतालात ओला तुकडा अधिक पाणी उडवत असेल तर गुंठ्यामागे तो अधिक थंडावा देतो. वाळवंटातल्या पाणथळीला जे लागू ते इथेही लागू. मग गोदामांमध्ये विखुरलेली हिरवी ठिगळेच शहराला अधिक उपयोगी नव्हेत का? पाण्याचा पुरवठा बारमाही असता तर मी हे मान्य केले असते. भिवंडीचे भात पावसावर आहे. पाऊस थांबल्यावर खाचरात जे साचलेले आणि मातीत मुरलेले पाणी असते तेवढ्यावर दाणा भरायचा असतो. दिवसाला ४ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटर उडू लागले, तर पंधरा दिवस पुरणारे पाणी दहा दिवसांत संपते, आणि मग थंडावाही संपतो आणि भातही. शिवाय भराव घातला की वरच्या खाचराचे पाणी खालच्यात उतरायची जुनी वाट बुजते. ठिगळाचा वाढीव थंडावा म्हणजे कर्जाऊ काढलेला थंडावा आहे, आणि तो फेडतो उरलेला शेतकरी.

दुसरा आक्षेप ऋतूचा. भात उभे असते जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये, माणसे खरोखर होरपळतात तेव्हा, खाचर भेगाळलेले, कोरडे ठाक असते. राबाच्या जागा तर भाजून काळ्या केलेल्या असतात. तेव्हाच्या दुपारी अशी जमीन हवेला पत्र्याइतकीच तापवते, हे कबूल करायला हवे. फरक पडतो दिवस मावळल्यावर. कोरडी, भुसभुशीत माती उष्णतेची वाईट वाहक असते. दिवसाची उष्णता तिच्या वरच्या बोटभर थरातच राहते आणि सांजेनंतर निरभ्र आभाळाकडे लवकर निघून जाते. रामदासांनी मोजल्या त्या रात्री अशाच उघड्या जमिनीवरच्या होत्या. पत्रा पातळ असल्याने तोही लवकर निवतो, हे खरे. पण गोदाम म्हणजे केवळ पत्रा नव्हे. काँक्रीटचे आवार आणि डांबरी रस्ते कोरड्या मातीपेक्षा उष्णता अधिक खोल घेतात आणि ती मध्यरात्र उलटून गेली तरी परत देत राहतात. भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करून पहाटे झोपणाऱ्या माणसाला दुपारच्या कमाल तापमानाइतकाच हा रात्रीचा उष्मा छळतो. आणि बांधावरचे आंबे, ताड ही बारमाही सावली व बारमाही बाष्पीभवन खाचराबरोबरच जाते. त्यांची मुळे खोल असल्याने मेमध्येही ती पाणी उडवत असतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. वाफेने हवा थंड होते पण दमटही होते, आणि दमट उष्मा माणसाच्या शरीराला कोरड्या उष्म्यापेक्षा घातक ठरू शकतो. गांधीनगरच्या आयआयटीतील विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की उत्तर भारतातल्या सिंचनाने तापमान उतरते, पण दमट उष्म्याचा ताण वाढतो. हा निष्कर्ष टाळून शेताच्या थंडाव्याचे गोडवे गाणे अप्रामाणिक ठरेल. मात्र तो ज्या सिंचनाविषयी आहे ते कालव्याचे आणि विहिरींचे, पावसाळ्याआधीच्या तापल्या महिन्यांतही हवेत वाफ भरणारे. भिवंडीचे खाचर त्या महिन्यांत कोरडे असते, वाफ देतच नाही. देते तेव्हा मान्सून चालू असतो आणि अरबी समुद्रावरून येणारी हवा आधीच ओथंबलेली असते. खाचराच्या भरीने तिच्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे दुसऱ्या आक्षेपात जी उणीव होती, वर्षातले चार-पाच महिनेच चालणारे बाष्पीभवन, तीच इथे खाचराची बाजू घेते. पांढऱ्या रंगाच्या, ऊन परतवणाऱ्या छपरांचा उपायही सुचवला जातो आणि तो जरूर करावा. गोदामात हमाली करणाऱ्यांना त्याने थेट दिलासा मिळेल. पण असे छप्पर फक्त ऊन नाकारते. पाऊस धरून ठेवणे आणि पुढच्या महिन्यांत तो थोडा थोडा हवेला देणे हे त्याच्याने होत नाही. एक एकर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की चार लाख लिटर पाणी एका झटक्यात गटारात, कामवारी नदीत आणि खाडीत जाते.

उरतो तो प्रश्न शास्त्राचा नाही, पोटाचा आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवण्याची सोय म्हणून इथे गोदामे आली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर येऊन जकात गेली तरी ती थांबली नाहीत, उलट मोठी झाली. एकरभर भाताचे उत्पन्न आणि एकरभर गोदामाचे भाडे यांची तुलनाच होत नाही. ज्याने जमीन दिली त्याला दोष देण्याचा अधिकार भाताच्या खाचरातून एक पैसाही न मिळवणाऱ्या शहरी माणसाला नाही. पण म्हणूनच खाचराची हवा हिशेबात यायला हवी. आज तिचा फायदा सगळ्यांना मिळतो आणि ती राखण्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याच्या माथी असतो. जमीन बिनशेती केली जाते तेव्हा विचार होतो तो एका गटाचा. त्या गटाच्या वाऱ्याखाली कोणाची खाचरे आहेत आणि मधला तुकडा गेल्यावर पट्टा किती ठिकाणी तुटेल, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. गोदामे होणारच असतील तर ती एकवटून, रस्त्याला धरून व्हावीत आणि भाताचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने लांब, अखंड राहावेत. असा पट्टा राखणाऱ्या गावांना त्या सलगपणाचा मोबदला मिळावा, एका गटाला नव्हे तर पट्ट्यातल्या सगळ्या गटांना मिळून, कारण मधल्या एकाने सोडले की सगळ्यांची हवा जाते. विकास आराखड्याच्या नकाशावर हिरवा रंग किती टक्के आहे एवढे पाहून चालणार नाही. तो रंग किती तुकड्यांत आहे, हेही मोजावे लागेल.

मोजण्याची सुरुवात अवघड नाही. तालुक्याच्या उत्तर अंगाला अंबाडी, गणेशपुरी, वज्रेश्वरीकडे तानसा नदीच्या आसपास भाताची सलग खाचरे आहेत. तिथे एक खांब रोवावा. दुसरा दक्षिणेला, खाडीकडच्या बाजूला, तिन्ही अंगांनी गोदामे आलेल्या एखाद्या तुकड्यात. दोन्हींवर लोंब्यांच्या दीड-दोन मीटर वर तीच उपकरणे, दोन्हीकडे त्याच वाणाचे, एकाच आठवड्यात लावलेले भात. गणपतीत सुरुवात करून दिवाळीला कापणी उरकेपर्यंत वाऱ्याचा प्रत्येक झोत नोंदवावा: किती वाफ वर गेली, किती उष्णता बाजूने आत आली, खाचरातले पाणी कोणत्या तारखेला आटले. आणि मळणी झाल्यावर दोन्ही खळ्यांवरच्या शंभर-शंभर लोंब्यांतले भरलेले आणि पोचट दाणे वेगळे करून मोजावेत.